विषय: बहिणीच्या डिव्होर्स ट्रायलचा खर्च कोणी द्यायचा?

मंडळी नमस्कार, विषय खाजगी आहे पण दुसरं कुठे विचारू कळेना. धाकट्या बहिणीच्या डिव्होर्सची ट्रायल इथे कॅनडात, ओंटारियोतल्या ब्रॅम्प्टनला झाली. मुलं मुख्यतः तिच्याकडे, चाइल्ड सपोर्टही (मुलांच्या खर्चाचे पैसे) तिच्या म्हणण्याप्रमाणे, पण घराच्या पैशांचा हिशोब नवऱ्याच्या बाजूने गेला. आता जज म्हणतात कॉस्ट्सबद्दल, म्हणजे केसचा, वकिलाचा खर्च कोणी द्यायचा याबद्दल, लेखी द्या. नाशिकहून बाबा म्हणतात नवऱ्यालाच द्यावे लागतात, इथे सगळे म्हणतात निकाल अर्धा-अर्धा म्हणजे ज्याचं त्याने. वकिलासाठी तिने लाइन ऑफ क्रेडिट काढलंय, झोप उडालीये तिची.

---

ताई, मी 4 वर्षांपूर्वी यातून गेलोय. बाबा म्हणतात ते तिकडचं हिंदू विवाह कायद्याचं कलम 24, ज्याची कमाई पुरत नाही त्याला, बायको असो की नवरा, केस चालू असताना खर्च मिळतो. ओंटारियोतही फॅमिली लॉ रूल्सचा नियम 24 च, पण इथे जिंकेल त्याला खर्च असं धरून सुरुवात होते आणि दोघं थोडे थोडे जिंकले तर जज वाटणी करू शकतात. ही वाटणी निम्मीच असते असं नाही हो! मी पण मुद्दे मोजत बसलेलो, चार माझे तीन बायकोचे, पण बघतात ते मोठा मुद्दा कुठला, कशावर ट्रायलचे जास्त दिवस गेले, कोण उगाच ताणत होतं.

आधी ऑफर्स, म्हणजे तडजोडीचे लेखी प्रस्ताव, शोधा. ट्रायलच्या निदान 7 दिवस आधी दिलेली, तिची आणि वकिलाची सही असलेली, मागे न घेतलेली लेखी ऑफर असेल आणि निकाल तेवढाच किंवा त्याहून चांगला लागला असेल तर त्या तारखेपासूनचा पूर्ण खर्च मागता येतो.

---

दादा, सापडली! मार्चची, फक्त मुलं आणि सपोर्टबद्दल, निकालही जवळपास तोच. पण घराबद्दल त्याचीही ऑफर होती, आमच्या वकिलाने नको म्हटलेलं.

---

मग घराच्या भागाचा खर्च तो मागणार, ते लपवू नका, त्याचे तास किती रास्त तेवढ्यावरच बोला. तिच्या बिलात मुलं, सपोर्ट, घर असे तास वेगळे करायला सांगा. सपोर्टसाठी लागलेली फी वेगळी दाखवली तर ऑर्डरमध्ये तसं लिहून मागता येतं, म्हणजे ती वसुली फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटी ऑफिसकडून (सपोर्ट वसूल करणारं सरकारी ऑफिस) होऊ शकते, आणि टॅक्समध्येही तेवढी फी वजा करता येते. जजना जे लेखी द्यायचं त्या सबमिशनला पानांची मर्यादा असते, तारीख आजच वकिलाकडून लिहून घ्या. बहिणीला फोन करायचा असेल तर माझा नंबर तुमच्याकडे आहेच, रात्री कितीही वाजता चालेल.