प्री-राफेलाइट चित्रं नवख्यांना दाखवताना सुरुवात कुठून करावी?

गवतकाडी:
आमच्या चित्ररसिक मंडळींसमोर पुढच्या रविवारी मी प्री-राफेलाइट चित्रकारांवर बोलणार आहे. बहुतेकांनी नावही ऐकलेलं नाही. माझं एक पक्कं ठरलंय. प्रेमप्रकरणं, मॉडेल झालेल्या बायका, थडग्यातून काढलेल्या कविता, यातलं काहीही आधी सांगायचं नाही. सुरुवात गवतापासून करायची.

१८४८च्या सप्टेंबरात लंडनमध्ये सात तरुण एकत्र आले. हंट, मिले आणि रोझेटी हे त्यातले मुख्य. मिले तर जेमतेम एकोणीस वर्षांचा. रॉयल अकादमीत शिकवली जाणारी ठरावीक मांडणी आणि तपकिरी सावल्या त्यांना नकोशा झाल्या होत्या. इटलीतल्या राफाएल या चित्रकाराच्या आधीचे चित्रकार वस्तूकडे सरळ बघत, तसं बघायचं म्हणून हे नाव.

हंट आणि मिले कॅनव्हासवर आधी पांढऱ्या रंगाचा पातळ थर द्यायचे आणि तो ओला असतानाच त्यावर बारीक कुंचल्याने रंगवायचे. दिवसाला कॅनव्हासचा लहानसाच तुकडा व्हायचा, पण खालचा पांढरा रंग वरच्या रंगाला उजळ करायचा. मिलेची ‘ओफेलिया’ बघा, शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधली नदीत बुडणारी मुलगी. १८५१च्या जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत तो सरे परगण्यात हॉग्जमिल नदीच्या काठी बसून नुसता काठ रंगवत होता. ओफेलियाची आकृती नंतर आली. त्या ऋतूंत जे जे फुललं ते सगळं चित्रात एकाच वेळी फुललेलं आहे. मला वाटतं, हे दिसलं की चळवळ कळली.

दुपारचं ऊन:
मला हे अजिबात पटत नाही. काठ नंतर भरला असता तरी चाललं असतं, पण त्या पाण्यात कोण आहे हे सांगायचंच नाही? ओफेलियासाठी मॉडेल झालेली एलिझाबेथ सिडल, टोप्यांच्या दुकानात काम करणारी मुलगी. भर हिवाळ्यात मिलेच्या घरी ती पाण्याने भरलेल्या टबात पडून राहायची. पाणी कोमट राहावं म्हणून खाली दिवे लावलेले. एकदा ते विझले, मिलेचं लक्ष गेलं नाही आणि ती काही बोलली नाही. ती आजारी पडली. तिच्या वडिलांनी डॉक्टरच्या खर्चापायी ५० पौंड मागितले. चित्रातला तो उघडा, निपचित चेहरा या सगळ्यातून आलाय. याला ‘प्रकरणं’ म्हणून बाजूला ठेवू नकोस.

मधली ओळ:
दोघांनाही विचारतो, मुळात यांना एवढं डोक्यावर का घ्यायचं? १८४९मध्ये फ्रान्सात कूर्बे खडी फोडणारे मजूर रंगवत होता. इकडे हे लोक शेक्सपिअर, बायबल आणि मध्ययुगातले सरदार घेऊन बसलेले. ही पुस्तकातली चित्रं आहेत, फक्त आकाराने मोठी.

गवतकाडी:
@मधली ओळ, हेन्री वॉलिसचं ‘द स्टोनब्रेकर’ बघितलंय का? १८५७-५८चं, बर्मिंगहॅमला आहे. संध्याकाळच्या उजेडात खडी फोडणारा मजूर टेकून बसलाय. झोपलाय असं वाटतं. मग त्याच्या बुटावर चढलेला मुंगसासारखा छोटा प्राणी दिसतो आणि कळतं, की हा माणूस मेलाय. वॉलिस त्या सातांतला नव्हता, पण बघायला त्यांच्याकडूनच शिकला. तो प्राणी नीट रंगवला नसता तर मरण कळलंच नसतं. बारकावा म्हणजे सजावट नव्हे, तो इथे असा कामाला येतो.

@दुपारचं ऊन, टबाची गोष्ट खरी आहे, मी नाकारत नाही. पण एकदा ती सांगितली की लोक चित्र बघत नाहीत, चित्रात टब शोधतात. हे मी होताना पाहिलंय.

दुपारचं ऊन:
मग टब सोड, तिचं काम दाखव. सिडलने स्वतःचं चित्र रंगवलंय, छोटं, गोल. रोझेटीने रंगवलेली लांब मानेची, स्वप्नाळू सिडल त्यात कुठेच नाही. जड पापण्या, मिटलेले ओठ, थकलेला साधा चेहरा. आहे तसं बघायचं, हेच ना तुझ्या चळवळीचं म्हणणं? ते तिने आरशासमोर बसून पाळलं. १८५५मध्ये कलासमीक्षक रस्किनने तिच्या चित्रांसाठी वर्षाला १५० पौंड देऊ केले, १८५७मध्ये या मंडळींच्या लंडनच्या प्रदर्शनात ती एकटी बाई होती. गवताइतकी जागा तरी तिला दे.

बाजारपेठ:
मुंबईकरांसाठी एक जोड. जे.जे. कलाशाळेत शिकवायला १८६५मध्ये आलेले लॉकवुड किपलिंग आणि चित्रकार बर्न-जोन्स हे साडू. बर्न-जोन्स म्हणजे याच चळवळीची पुढची पिढी. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं किपलिंग यांचीच, येताजाता बघा.

गवतकाडी:
@दुपारचं ऊन, ते गोल चित्र मी विसरलेच होते, ते घेते. क्रम असा: आधी ‘ओफेलिया’चा फक्त डावा वरचा कोपरा, विलोच्या झाडाच्या फांद्यांतला तो रॉबिन पक्षी. मग काठ, मग पूर्ण चित्र. त्यानंतर शेजारी सिडलचं स्वतःचं चित्र, काही न बोलता. टब मात्र कुणी विचारलं तरच.

दुपारचं ऊन:
विचारणारी मी असेन. पहिल्या रांगेत बसते.