'इमेज कंपोनंट'ला 'प्रतिमा घटक' चालेल का?

गोदाकाठ: पिंपळगावच्या एका द्राक्ष निर्यातदारांच्या वेब ॲपची मार्गदर्शिका मराठीत करतोय. पुढे ॲप त्यांच्याकडचीच दोन मुलं सांभाळणार. फोटोसाठी एकच इमेज कंपोनंट आहे, म्हणजे फोटो दाखवणारा, परत परत वापरायचा कोडचा तुकडा. बागेचा फोटो असो, घडाचा असो की पेटीवरच्या लेबलचा, तोच वापरायचा. फोटोचा पत्ता, रुंदी, उंची आणि पर्यायी मजकूर (फोटो दिसला नाही तर वाचायचा) तेवढा दर वेळी द्यायचा. मी लिहिलं 'पुनर्वापरयोग्य प्रतिमा घटक'. त्यातल्या एकाने विचारलं, "कोणाची प्रतिमा, सर? हार आणायचाय का?"

तांबटआळी: पोरगा बरोबर बोलला. प्रतिमा भिंतीवर असते, शेजारी समई. सरळ फोटो लिहा.

विरामचिन्ह: सावरकरांचं भगूर इथून हाकेवर, आणि आपण फोटो लिहायचं? 'महापौर', 'दिग्दर्शक' हे त्यांचेच शब्द. आज कोणाला टोचतात?

तांबटआळी: ते रुळले. 'दूरध्वनी' मात्र लेटरहेडवरच राहिला. घरात "दूरध्वनी वाजतोय, घे" असं तुम्ही तरी म्हणता का?

शाळामास्तर: प्रतिमेचं सोडा, घोळ 'घटक'मध्ये आहे. आम्ही युनिट टेस्टला घटक चाचणी म्हणतो. मग तुमच्या कंपोनंटची युनिट टेस्ट घेतली की घटकाची घटक चाचणी? बाकी घटक हा घटावरून आलेला. नवरात्रात बसवतो तो घट.

विरामचिन्ह: मडकं मध्ये आणू नका. धातू घट्, घटना, संघटना, घडणे सगळं त्याच घरचं. भांड्यावरून आली ती घटका. भोक पाडलेली वाटी पाण्यात सोडायची, बुडली की 24 मिनिटं झाली.

शाळामास्तर: आमच्या लग्नात घंगाळात सोडली होती. बुडेचना! भोकात हळद अडकलेली. शेवटी मामांच्या मनगटावरच्या घड्याळावर अक्षता पडल्या.

खमंग: 'साचा' का नको?

गोदाकाठ: साचा मराठी विकिपीडियाने टेम्प्लेटला देऊन टाकलाय. शिवाय साच्यातून दर वेळी तीच वस्तू निघते.

खमंग: मग सोऱ्या म्हणा. नळी तीच, चकती बदलली की चकलीची शेव.

सातपूरकर: इथे चकती कुठे बदलते? चकती तीच, पीठ बदलतं. आणि एमआयडीसीत या, साठीला आलेले फिटर मामासुद्धा "या कंपोनंटला बर (कडेला धातूची कूस) आलाय, घासून घे" म्हणतात. हे मराठी नाही तर काय आहे?

गोदाकाठ: बरं, दुसरा अडलेला शब्द. फोटो यायच्या आधी त्याच्या जागी जो धूसर चौकोन दिसतो तो. रुंदी-उंची आधी सांगितली की ब्राउझर तेवढी जागा राखतो; नाहीतर फोटो उतरला की खालचा मजकूर धाडकन सरकतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. त्या चौकोनाला मी 'स्थानधारक' लिहिलंय. माझं मलाच वाचवत नाही.

जुनेसीबीएस: रुमाल! खिडकीतून टाकतो तो.

तांबटआळी: वा! "फोटो येईपर्यंत रुमाल टाकून ठेवा." त्या पोरांना लगेच कळेल.

विरामचिन्ह: मार्गदर्शिकेत रुमाल? उद्या पिशवी लिहाल.

जुनेसीबीएस: पिशवीने पण जागा धरतातच की. प्रश्न वेगळाय. रुमाल टाकणारा चढलाच नाही तर? म्हणजे फोटोचा पत्ताच चुकला तर?

सातपूरकर: रुमाल उचलायचा आणि बसायचं. धुळे गाडीत मी एकदा बसलो. मालक मागून आला, चांदवडपर्यंत भांडण.

जुनेसीबीएस: चूक तुमचीच. कंडक्टर सांगेपर्यंत रुमालाला हात लावायचा नाही.

गोदाकाठ: अहो, पण घटकाचं काय करू? उद्या दुपारी फाइल द्यायचीय.

शाळामास्तर: रुमाल फारसी बरं का. रू म्हणजे चेहरा, माल म्हणजे पुसणारं.

विरामचिन्ह: म्हणूनच म्हणतो, 'करवस्त्र' लिहा.