रोबोटिक्स टीमचा कॅप्टन बीईचाच का?

टीई_मेक: आमच्या कॉलेजच्या रोबोकॉन (कॉलेजांची रोबोट बनवायची स्पर्धा) टीममध्ये कायम बीईचा, म्हणजे शेवटच्या वर्षाचा, सगळ्यात सिनिअर पोरगा कॅप्टन. मला हे पटत नाही. ऐन डिझाइन ठरवायच्या वेळेला त्याच्या प्लेसमेंटच्या टेस्ट सुरू असतात. यंदा मेकॅनिकलवाल्यांनी १२७ मिमीची चाकं काढून १०० ची लावली, कोडिंगवाल्यांना कुणी सांगितलंच नाही, कोडमध्ये व्यास जुनाच, त्यामुळे रोबोट एक मीटर सांगितलं की ७९ सेंटिमीटरला थांबायचा आणि पोरं रात्रभर पीआयडी (मोटरवर ताबा ठेवणारं कोडमधलं गणित) ट्यून करत बसली. कॅप्टन टीईचा, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा हवा, बीईवाल्यांनी मार्गदर्शन करावं.

माजी_कॅप्टन: नाही पटलं भावा. टीईच्या पोराने एखादाच सीझन पाहिलेला असतो. फुगलेली लायपो बॅटरी बाजूला ठेवायची, मोटर ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट) जळणार हे धरून दोन जास्तीचे मागवायचे, अकाउंट्स सेक्शनमधून बिलं पास करून घ्यायची, हे एका वर्षात येत नाही. आणि अडचणीच्या वेळी विभागप्रमुख ऐकतात ते बीईच्या पोराचंच.

एसई_ईएनटीसी: दादा, चाकांच्या गोंधळात वर्षाचा काय संबंध? बीईचा कॅप्टन रोज लॅबमध्ये असता तरी हेच झालं असतं, कारण कुठला बदल कुणाला कळवायचा हे कुणाचंच काम नव्हतं. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कोडिंग तिघांना लीड आहेत पण मधलं कोण बघतं? इंटिग्रेशनला एक माणूस नेमा, त्याला विचारल्याशिवाय एक बोल्टसुद्धा बदलायचा नाही.

माजी_कॅप्टन: अजून एक पद? पंधरा जणांत सात लीड झाले तर हॅकसॉ कोण धरणार? रेझ्युमेवर लिहायला पद हवं असतं सगळ्यांना, अल्युमिनियमचे पाइप कापायला दोघंच उरतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

एसई_ईएनटीसी: पाइप आम्ही एसईवालेच, म्हणजे दुसऱ्या वर्षाचे, कापतो दादा, तक्रार नाही. पण २००८ ला पुण्यात आबू रोबोकॉन (आशिया-पॅसिफिक देशांची रोबोकॉन) झाली तेव्हा थीम ‘गोविंदा’ होती ना, मग थरांचंच बघा, खाली उभं राहून कुणाचा पाय कुठे पडतोय ते ओरडून सांगणारा एक जण लागतोच, तो वर चढत नाही तरी.

टीई_मेक: ताई, हे पटलं. खरेदी आणि सरांशी बोलणं बीईकडे राहू दे, हेही मान्य. पण कॅप्टन टीईचाच हवा, तो पुढच्या वर्षीही टीममध्ये असतो, बीईवाला जाताना सगळं डोक्यातच घेऊन जातो. आमच्याकडे गेल्या वर्षीच्या रोबोटचं वायरिंग डायग्राम आजही सापडत नाहीये.

माजी_कॅप्टन: डायग्रामचं खरंय, ती आमचीच चूक. कॅप्टनबद्दल मात्र माझं मत तेच.