हवाईच्या बायकांच्या सह्या: इतिहास कागदात असतो की आठवणीत?

सांजवात:
हवाई हे एकेकाळी स्वतंत्र राज्य होतं आणि १८९३ साली तिथल्या राणीला, लिलिउओकालानीला, गोऱ्या व्यापारी-जमीनदारांच्या टोळीने अमेरिकन नौसैनिकांच्या जोरावर गादीवरून खाली खेचलं, हे आपल्यातल्या फार कमी जणांना माहीत असतं. पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं की लोकांनी अमेरिकेत विलीन होणं मुकाट मान्य केलं. आणि मग १९९६ मध्ये नोएनोए सिल्वा या हवाईयन संशोधक बाईंनी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून एक गठ्ठा बाहेर काढला. १८९७ चा अर्ज, विलीनीकरण नको म्हणून, २१ हजारांवर सह्या! तेव्हा हवाईयन लोकसंख्या मिश्र वंशाचे धरूनसुद्धा ४० हजारांच्या आसपास होती, म्हणजे बघा. आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या सह्या बायकांच्या, ज्यांना मताचा अधिकारसुद्धा नव्हता. त्यांची वेगळी संघटना होती, अबिगेल कॅम्पबेल अध्यक्ष, एमा नावाही हिलो गावच्या सभेत बोलायला उभ्या राहिल्या. हे सगळं इतिहासातून गाळलं गेलं, कारण इतिहास म्हणजे राजे, तह आणि साखरेचा व्यापार. माझं स्पष्ट मत आहे की गुलाम केलेल्या समाजाचा असा गाळलेला इतिहास त्या समाजातल्या बायकाच परत आणतात, कारण आपल्या आज्या तेव्हा काय करत होत्या हा प्रश्न त्यांनाच पडतो.

कागदपत्री:
सह्यांचा भाग वाचून अंगावर काटा आला, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही. तो अर्ज कुणी सांभाळला? अमेरिकन सरकारच्या दफ्तराने. घरोघरच्या आठवणीत तो टिकला असता तर शंभर वर्षांनी एवढा धक्का बसला असता का? म्हणजे आठवण हरली, कागद जिंकला. आणि बायका म्हणजे परंपरेच्या राखणदार हे तर मला मान्यच नाही. काआहुमानू ही हवाईची सगळ्यात ताकदवान बाई, तिने मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली येऊन १८३० मध्ये हुला नाचावर बंदी घातली. त्याआधी १८१९ मध्ये स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवायचं नाही हा जुना नियम मोडण्यात तीच पुढे होती, ते चांगलंच झालं, पण त्याच लाटेत जुनी देवळं आणि मूर्तीही गेल्या. आणि हुला परत मानाने आणला कुणी? राजा कालाकाउआने, १८८३ च्या राज्याभिषेकात. पुरुषाने. त्यामुळे बाई आहे म्हणून स्मृती जपेल आणि पुरुष आहे म्हणून विसरेल असं काही नसतं हो.

पाऊलवाट:
काआहुमानूचा मुद्दा बरोबर आहे. पण आठवण हरली म्हणता तेव्हा ती कशी हरवली तेही बघा ना. १८९६ चा कायदा, शाळेत शिकवायचं ते इंग्रजीतूनच. हवाईयन बोललं म्हणून मुलांना शिक्षा व्हायच्या. पोराला मार बसू नये म्हणून आईच त्याच्याशी आपल्या भाषेत बोलायची बंद झाली असेल तर तिला विसराळू म्हणायचं का? आणि फक्त कागद म्हणजेच पुरावा का? राणीला १८९५ मध्ये तिच्याच राजवाड्यात वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत कोंडून ठेवलं होतं, तिथे तिने सोबतिणीबरोबर एक गोधडी शिवायला घेतली. रंगीबेरंगी तुकडे, त्यावर नावं आणि तारखा भरतकामात. ती गोधडी आजही त्या राजवाड्यात आहे. त्याच कैदेत तिने कुमुलिपो हे दोन हजारांवर ओळींचं सृष्टीच्या उत्पत्तीचं स्तोत्र इंग्रजीत आणायला घेतलं. अभ्यासक बाकी सगळं धुंडाळतात आणि गोधडीपुढून नुसते चालत जातात याचा मला खरंच त्रास होतो.

मध्यममार्गी:
अर्जाने काय साधलं पण शेवटी? विलीनीकरण झालंच ना १८९८ मध्ये. शिवाय मागे वळून बघताना लोक आपल्याला हवा तसा भूतकाळ रचतात ही भीती आहेच. रॉजर कीसिंग या मानववंशशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये पॅसिफिक बेटांबद्दल हेच मांडलं होतं.

पाऊलवाट:
कीसिंगला हौनानी-के ट्रास्क या हवाईयन प्राध्यापिकेने १९९१ मध्ये उत्तर दिलं होतं, तेही सांगा की. आमचा भूतकाळ खरा की रचलेला हे ठरवायचा अधिकार बाहेरच्या अभ्यासकाला कुणी दिला, असा त्यांचा रोख. आणि अर्ज वाया नाही गेला. अमेरिकन सिनेटमध्ये विलीनीकरणाच्या तहाला दोनतृतीयांश मतं जमली नाहीत, तह पडला. मग स्पेनशी झालेल्या युद्धाच्या गडबडीत साध्या बहुमताचा ठराव आणून बेटं घेतली.

सांजवात:
कागदपत्री, काआहुमानूबद्दल तुमचं मान्य, मी ते बायकाच परत आणतात वालं वाक्य मागे घेते. पण कागद जिंकला हे नाही मानणार. गठ्ठा शंभर वर्षं त्याच दफ्तरात होता ना? मग तो बोलला कधी, तर हवाईयन भाषेतली जुनी वर्तमानपत्रं मुळातून वाचणारी बाई तिथे पोचली तेव्हा. नंतर १९९८ मध्ये होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये त्या सह्या मांडल्या तर माणसं आपल्या पणजोबा-पणजीचं नाव शोधत बोट फिरवत होती. नाव आणि पुढे वय, एवढंच. घरात काहीतरी अर्धवट शिल्लक असल्याशिवाय माणूस असं शोधतो का?

कागदपत्री:
भाषेचा मुद्दा पटला, तो माझ्या लक्षात आला नव्हता. बाकी मी माझ्या जागी आहे. त्या जुन्या वर्तमानपत्रांची लाखावर पानं आहेत आणि बहुतेकांचा अजून अनुवादच झालेला नाही. त्यात बायकांनी स्वतः लिहिलेलं किती आहे ते आधी कुणीतरी मोजू दे, मग पुढचं बोलू.