प्रपोर्शनल व्हॉल्व्ह सकाळी २० लिटर देतो, दुपारी १४, सिग्नल तोच

प्रश्न – भट्टीवाला
उष्णता प्रक्रियेच्या छोट्या भट्टीत नायट्रोजन सोडायला २४ व्होल्टचा प्रपोर्शनल सोलेनॉइड व्हॉल्व्ह (सिग्नलच्या प्रमाणात कमी-जास्त उघडणारा) आहे. आधी रेग्युलेटर, काट्यावर ३ बार. व्हॉल्व्हनंतर रोटामीटर (नळीतल्या गोळीच्या उंचीवरून फ्लो दाखवणारा), मग भट्टी. सकाळी मिनिटाला २० लिटर लावतो, तीन तासांत गोळी १४ वर उतरते. शिवाय सिग्नल खालून वर आणला तर एक आकडा, वरून खाली आणला तर दुसरा. भट्टी तापल्यावर आतला दाब वाढून गॅस अडत असेल का? फ्लो पडला की माल काळा निघतो, झोप उडाली आहे.

उत्तर – इन्स्ट्रुमेंटवाला
भट्टीचा दाब सोडून द्या. काट्यावर ३ म्हणजे हवेचा १ धरून निरपेक्ष ४ बार, व्हॉल्व्हच्या पलीकडे जेमतेम १. नायट्रोजनसाठी पुढचा दाब मागच्याच्या ०.५३ पटीपेक्षा खाली असला की व्हॉल्व्हच्या छिद्रात गॅस ध्वनीच्या वेगाला पोचतो; पुढे दाब थोडा हलला तरी फ्लो हलत नाही. फक्त रेग्युलेटरचा काटा दिवसभर ३ वरच राहतो ना, तेवढं बघा.

माझा संशय कॉइलवर आहे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. ड्रायव्हर (सिग्नलप्रमाणे कॉइलला वीज देणारं सर्किट) व्होल्टेज धरून ठेवत असेल, तर कॉइल तापेल तसा करंट घटतो आणि प्लंजर (कॉइल ओढते तो लोखंडी दांडा) स्प्रिंगपुढे हार मानतो. व्हॉल्व्ह उघडायलाच ठरावीक करंट लागतो, त्यामुळे करंट थोडा घटला तरी फ्लो भरपूर पडतो. सप्लाय बंद करून, तारा सोडून रोध मोजा: एकदा थंड असताना, एकदा गोळी उतरल्यावर लगेच.

उत्तर – जुना फिटर
वर-खाली फरक पडतो तो प्लंजरच्या घर्षणाने आणि लोखंडात उरलेल्या चुंबकत्वाने. ड्रायव्हरमध्ये डिदर (करंटला मुद्दाम दिलेली बारीक थरथर) असेल तर थोडा वाढवा. प्लंजर सतत बारीक थरथरत राहिला की चिकटत नाही. आणि एक विनंती: गॅस पूर्ण बंद करायला या व्हॉल्व्हवर विसंबू नका. वेगळा ऑन-ऑफ व्हॉल्व्ह हवाच. आज नायट्रोजन आहे, उद्या त्याच लाइनवर कोणी हायड्रोजन जोडेल.

भट्टीवाला
मोजलं. थंड ३० ओहम, गरम ३६.५! सरासरी १२ व्होल्टवर करंट ०.४० वरून ०.३३ अँपिअर. काटा ३ वरून हलला नाही.

इन्स्ट्रुमेंटवाला
म्हणजे कॉइल ५५ अंशांनी तापली. करंट धरून ठेवणारा ड्रायव्हर लावा. त्यातूनही अचूकता हवी असेल तर फ्लो स्वतः मोजून व्हॉल्व्ह हलवणारा मास फ्लो कंट्रोलर. तो मात्र नायट्रोजनवर कॅलिब्रेट केलेलाच घ्या, दुसऱ्या गॅसवरचा आकडा तसाच चालत नाही.

भट्टीवाला
ड्रायव्हर बदलला. सकाळी २०, संध्याकाळी पाचला १९.५. वर-खालीचा फरक अजून दीड लिटर आहे. उद्या डिदर वाढवून बघतो, ऑन-ऑफ व्हॉल्व्हचीही मागणी टाकली आहे.