बागेला जागा नाही म्हणता, नकाशा बघितला का?
वर कुणीतरी म्हणलंय की शहरात बागेला जागाच उरली नाही. जागा आहे हो, साधारण एकराच्या वरच्या लेआउटला १० टक्के ओपन स्पेस सोडावीच लागते, आमच्या कॉलनीतपण सोडलीय, पण तिथं येड्या बाभळी, उरलेली खडी अन् कुणाची तरी म्हैस, लेकरं खेळायलेत रोडवर. आणि बाग झालीच तर लॉन नको राव, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, विसरलात का? चार कडुनिंब, खाली वट्टा, बस झालं. अन् डीपीतलं, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातलं, बागेचं आरक्षण १० वर्षांत ताब्यात घेतलं नाही की मालक नोटीस देऊन सोडवून घेऊ शकतो, एमआरटीपीचं (राज्याच्या नगररचना कायद्याचं) कलम १२७, आधी तिकडं बघा.