मदत हवी आहे: घरी बांधलेलं इंजिन ६० किलोमीटरमध्येच ठोकायला लागलं

बाबांची १९९७ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. धायरीत पार्किंगमध्येच तिचं ७९६ सीसीचं इंजिन मी पूर्ण खोलून बांधलं. क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) ग्राइंड करून आणला, ०.२५ मिमी अंडरसाइझ बेअरिंग (घासून बारीक झालेल्या क्रँकसाठीची) आणि पिस्टनच्या रिंगा नाना पेठेतून. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा आई पेढे घेऊन खाली आली होती.

रविवारी कात्रजचा घाट चढताना खालून ठक-ठक सुरू झाली, आयडलिंगला ऑइलचा दिवा लागला. तिथेच बंद करून टो करून आणली. ऑइलमध्ये धातूची चमकी दिसतेय. घरी काही सेकंद चालू करून पाहिलं, दोन नंबर प्लगची वायर काढली की ठोका जवळजवळ थांबतो. म्हणजे त्याच सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग, असं मला वाटतं.

पण गेलं कशाने? क्रँकची ऑइलची भोकं मी फक्त हवेने साफ केली, ब्रश घातला नाही. बेअरिंगचा क्लिअरन्स (क्रँक आणि बेअरिंगमधली फट) मोजला नाही, आणि ऑइल पंप जुनाच आहे. जाणकारांनो, संप (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) काढल्यावर आधी काय तपासू? जर्नलवर (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) ओरखडे असतील तर पुन्हा ०.५० मिमीला ग्राइंड करून क्रँक वाचेल का? सिंहगड रोडच्या बाजूला कुणाकडे ऑइल प्रेशर गेज आहे का? दोन दिवसांत परत देईन.